मे ते गणपती: पावसाळाभर पडवीत उभ्या राहणाऱ्या मोटारसायकलची बेगमी

मे महिन्यात गावी दणकून चालवलेली गाडी चाकरमानी पडवीत लावतो, कुलूप घालतो आणि मुंबई गाठतो. गणपतीला येऊन किक मारतो, तर गाडी पकडत नाही. त्या आठवड्यात अख्ख्या वाडीच्या गाड्यांचं हेच रडगाणं असतं, त्यामुळे गॅरेजवाल्याला बोलायला फुरसत नसते. कार्ब्युरेटर साफ करा, बॅटरी बदला, चेन बदला, असं करत बिल फुगतं. मेअखेरीचा एक अर्धा दिवस आणि हजार-बाराशे रुपयांचं सामान एवढ्यात हे बहुतेक सगळं टळतं.

आधी शत्रू ओळखायला हवा. बर्फाच्या देशात लोक हिवाळ्यासाठी गाडी बांधून ठेवतात. त्यांची भीती गोठणाऱ्या पाण्याची, आपली दमट हवेची. लोखंड गंजायला अंगावर पाऊस पडावाच लागतो असं नाही. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की गंज वेग धरतो, आणि कोकणात जून ते सप्टेंबर ती ऐंशीच्या खाली क्वचितच उतरते. त्यात समुद्राचं मीठ. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं ते यामुळेच. रिमवर बसलेला खारा थर असाच चार महिने ओला राहतो, मग गाडी छपराखाली असो की बाहेर.

म्हणून गाडी मृगाच्या आधी, रोहिणीच्या कोरड्या उन्हात बांधायची. ७-८ जूनला मृग लागतो. पहिल्या सरी येऊन गेल्यावर केलेलं काम म्हणजे आतली ओल आतच कोंडणं.

जागा

पडवी उत्तम, पण पागोळ्यांपासून किमान तीन फूट आत. पागोळीचं पाणी जांभ्यावर आपटून उडतं आणि गाडीच्या खालच्या भागाला महिनोन्‌महिने लाल चिखलाचे शिंतोडे बसत राहतात. गोठा कितीही कोरडा दिसला तरी तिथे गाडी नको. शेणा-गोमूत्रातून अमोनिया सुटतो आणि तो पितळ-तांब्याला खातो, म्हणजे वायरिंगच्या जोडांना आणि कार्ब्युरेटरच्या जेटला, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीला. युरियाच्या पोत्यांशेजारी किंवा ब्लीचिंग पावडरच्या डब्याजवळही नको. आणि टाकी भरलेली गाडी पाणचुलीच्या भिंतीला लागून कधीच लावू नये. पेट्रोलची वाफ जड असते, ती जमिनीलगत सरपटत जाते.

पूर कुठवर येतो ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि त्याच्या वर हातभर जागा शोधा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात जे झालं, त्यानंतर ‘आमच्याकडे पाणी येत नाही’ हे वाक्य जपून वापरलेलं बरं.

धुणं, फिरवणं, पेट्रोल, ऑइल: याच क्रमाने

हा क्रम मोडला की निम्मी मेहनत वाया जाते.

धुताना गाडीचा शाम्पू वापरा. भांड्यांच्या लिक्विडमध्ये बहुधा मीठ घातलेलं असतं, म्हणजे जे काढायचं तेच आपण लावतो. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप हब, स्विच आणि हँडलच्या बेअरिंगवर मारू देऊ नका. पाणी ग्रीसच्या आत घुसतं आणि मग बाहेर पडत नाही. मडगार्डची आतली बाजू, साइड स्टँडचा सांधा, स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) खालची खाच आणि स्पोक जिथे रिमला मिळतात त्या निपल या जागा जुन्या टूथब्रशने घासायच्या. लाल माती तिथेच बसते आणि ओल धरून ठेवते. मे महिन्यात गाडी समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर घातली असेल (घालतातच सगळे), तर ड्रम ब्रेकचं चाक उतरवून आतली वाळू आणि खार फडक्याने पुसून काढावी लागते. वरून धुऊन ती जात नाही.

धुतल्यावर लगेच पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा. इंजिन पूर्ण तापतं, सायलेन्सर आतून सुकतो, ब्रेक कोरडे होतात. याच फेरीत पेट्रोल भरायचं. फ्युएल स्टॅबिलायझर (साठवलेलं पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं रसायन) वापरणार असाल तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात आधी टाकीत ओता आणि वरून पेट्रोल घ्या, म्हणजे ते नीट मिसळतं. परतीच्या वाटेवर तेच मिश्रण इंजिनपर्यंत पोचतं.

टाकी भरून ठेवायची की रिकामी, यावर पारावर दोन तट पडतात. पत्र्याची टाकी असेल तर भरलेली बरी. रिकाम्या टाकीत हवा असते, हवेत ओल असते आणि पत्रा आतून गंजतो. पुढे तोच गंज फिल्टरमध्ये येतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तर पंपच टाकीत बुडालेला असतो, तो कोरडा ठेवून चालत नाही. तोंडापासून इंचभर खाली राहील इतकं भरा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर धरतात, आणि इंजिन पेट्रोल ओढतं ते नेमकं तळातून.

टाकीत पाणी शिरण्याची मुख्य वाट मात्र वेगळीच असते. झाकणाभोवतीच्या खोबणीत एक बारीक भोक असतं, त्यातून नळी खाली उतरते. वर साचलेलं पाणी त्या वाटेने निघून जातं. ते भोक धुळीने बुजलं की खोबणीत तळं साचतं आणि झाकणाचं रबर जुनं असेल तर पाणी थेंबाथेंबाने टाकीत उतरतं. झाकण उघडा, भोकात बारीक वायर हलक्या हाताने फिरवा, चमचाभर पाणी ओता. ते खाली जमिनीवर टपकलं पाहिजे. एवढी दोन मिनिटांची तपासणी कुणी करत नाही, आणि ‘पेट्रोलपंपवाल्याने पाणी भरलं’ अशी बोंब मात्र होते.

घरी आल्यावर इंजिन गरम असतानाच ऑइल काढा. जुन्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लं आणि ओल असते. ते चार महिने बेअरिंगवर बसू देण्यात शहाणपण नाही. ‘दोनच हजार किलोमीटर झालेत, गणपतीत बदलू’ हा हिशेब उलटा आहे, नवं ऑइल उभ्या गाडीला जास्त लागतं. ड्रेन बोल्टला बहुधा १७ चा पाना लागतो. वॉशर नवा टाका आणि बसवताना जोर करू नका, ॲल्युमिनियमचे आटे गेले तर खर्च मोठा. शंभर सीसीच्या गाडीला लिटरच्या आतबाहेर ऑइल लागतं, बाकीच्यांनी मॅन्युअल बघावं. ग्रेडही मॅन्युअलमधलीच घ्या आणि डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलं आहे ना ते पाहा. मोटारसायकलचा क्लच बहुधा त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. मोटारकारच्या ऑइलमधल्या काही रसायनांनी तो घसरू लागतो.

नवं ऑइल भरल्यावर इंजिन दोन मिनिटं चालू करा. आता गाडी कार्ब्युरेटरची असेल, म्हणजे बहुधा एप्रिल २०२० पूर्वीची, तर पेट्रोल कॉक बंद करा आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. तेवढ्याने फ्लोट बाऊल, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी, पूर्ण रिकामा होत नाही. बाऊलच्या बुडाशी ड्रेन स्क्रू असतो, तो दोन आटे सैल करून उरलेलं पेट्रोल डबीत घ्या. हे राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंकासारखा चिकट थर उरतो. इंजिन मंद चालताना पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक, ते सगळ्यात आधी बुजतं. चोक ओढल्यावरच चालू होणारी आणि चोक सोडला की बंद पडणारी गाडी म्हणजे बुजलेला पायलट जेट. इंजेक्शनच्या गाडीला यातलं काही करायचं नाही.

सिलिंडर

अडीच-तीन महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर हे जरूर करा. स्पार्क प्लग काढा, भोकातून चहाच्या चमच्याने एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, इंजिन ऑइल सोडा. चावी बंद ठेवून हळूच पाच-सहा किक मारा, म्हणजे ऑइल सिलिंडरच्या भिंतीवर पसरेल. भोकावर फडकं धरा, नाहीतर ऑइल शर्टावर येईल. फक्त सेल्फ असलेल्या गाडीत चौथा गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवा. प्लगची टोपी उघडी लोंबत ठेवून सेल्फ मारू नका, त्याने इग्निशन युनिट जळू शकतं. प्लग बसवताना आधी हातानेच शेवटपर्यंत फिरवायचा. पाना फक्त शेवटच्या किंचित आवळण्यापुरता.

बॅटरी

काढून घरात ठेवा, एवढं केलं तरी निम्मं काम झालं. काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट. कारण सोपं आहे: निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना चासीला टेकला तर ठिणगी पडते आणि बॅटरी शॉर्ट होते.

पूर्ण चार्ज झालेली बॅटरी काही तास विसावल्यावर मीटरवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करूनच ठेवा. चार्जिंगचा प्रवाह बॅटरीच्या अँपिअर-अवरचा दहावा भाग, म्हणजे ८ एएचच्या बॅटरीला ०.८ अँपिअर. मोटारकारचा चार्जर लावला तर ती तापून फुगते. मेंटेनन्स-फ्री बॅटरी पूर्ण चार्ज करून सुटी ठेवली की जून ते गणपती सहसा आरामात निघते. गाडीतच जोडलेली राहिली तर घड्याळ आणि जीपीएस ट्रॅकर तिला थेंबथेंब पितात. १२ व्होल्टच्या खाली ती आठवडेच्या आठवडे पडून राहिली की प्लेटवर सल्फेटचे कडक खडे बसतात आणि मग कितीही चार्ज करा, ती धरत नाही. आम्लाची जुनी बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरा आणि महिन्यातून एकदा चार्ज करायला कुणाला तरी सांगून ठेवा.

शेजाऱ्याला चावी देऊन ‘आठवड्यातून एकदा चालू कर रे दादा’ असं सांगण्याची पद्धत आहे. भावना चांगली, परिणाम वाईट. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. इंजिन पूर्ण तापलं तर ती वाफ बाहेर पडते. पाच मिनिटांत बंद केलं तर थंड सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन बसते. सेल्फने खाल्लेला करंटही तेवढ्या वेळात परत भरत नाही. दादाने गाडी वीस किलोमीटर फिरवून आणली तर उत्तमच, पण जुलैच्या पावसात तो ते करणार नाही आणि त्याने करूही नये. त्याला हवा बघायला आणि चाक थोडं फिरवून ठेवायला सांगा.

चेन, क्लच वायर, शॉकअप

चेन रॉकेलने किंवा चेन क्लीनरने धुवा, पेट्रोलने नाही. ओ-रिंग असलेल्या चेनची रबरं पेट्रोलने खराब होतात. पुसून कोरडी झाली की ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन ल्यूब आतल्या बाजूने, मागचं चाक हाताने फिरवत लावा. इंजिन चालू ठेवून चेन साफ करताना बोटं गमावलेले लोक आहेत. पूर्ण चेनकव्हर असलेल्या गाड्यांत चेन दिसत नाही म्हणून ती विसरली जाते. कव्हरच्या रबरी टोपीतून न पाहता ऑइल सोडण्यापेक्षा एकदा कव्हर उघडा.

क्लच वायरला आतून ऑइल घालण्याची जुनी युक्ती अजून तितकीच चोख आहे. वायरचं वरचं टोक लिव्हरमधून सोडवा. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापा, तो वायरच्या बाहेरच्या आवरणावर द्रोणासारखा बसवून रबरबँडने घट्ट बांधा आणि त्यात दोन चमचे इंजिन ऑइल ओता. पिशवी हँडलला टांगून रात्रभर सोडून द्या. सकाळी वायरच्या खालच्या टोकाला काळपट थेंब दिसला की काम झालं. तो काळपटपणा म्हणजे आतली झिज आणि गंज. थेंब आलाच नाही तर वायर आतून जाम आहे, ती बदला.

पुढच्या शॉकअपच्या चकचकीत दांड्यांवर ऑइलचा हात फिरवा. या जागेबद्दल आम्ही जरा जास्तच आग्रही आहोत. तिथे गंजाचा मोहरीएवढा खड्डा पडला, तरी तो वर-खाली होताना ऑइल सील कापतो आणि शॉकअप गळायला लागतं. सील बदलून उपयोग नसतो, कारण खड्डा नव्या सीललाही कापतो. स्पोक, निपल, क्रोमच्या रिम, सायलेन्सरची सांधणी, नट-बोल्टची डोकी यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर चालतो. बाजारातला पातळ गंजविरोधी स्प्रे लवकर उडून जातो, पावसाळाभर तो पुरत नाही. काहीही लावताना ब्रेक डिस्क, पॅड आणि टायर मात्र वाचवायचे. डिस्कवर लाल गंज येईल, येऊ द्या. दहा-बारा वेळा ब्रेक मारला की निघून जातो.

टायर, सायलेन्सर आणि पाहुणे

डबल स्टँडवर लावा. हवा मॅन्युअलपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त भरा. पुढचं चाक जमिनीवर टेकत असेल तर इंजिनखाली लाकडाचा ठोकळा देऊन उचला, मात्र ठोकळा सायलेन्सरच्या पाइपाखाली नको. नुसतं साइड स्टँड असेल तर त्याखाली फळी द्या, सारवलेल्या किंवा मातीच्या जमिनीत पाऊस मुरला की स्टँड रुततं आणि गाडी एके रात्री कलंडते.

सायलेन्सर पूर्ण थंड झाल्यावरच त्याचं तोंड कापडाच्या बोळ्याने बंद करा आणि वर प्लास्टिकची पिशवी बांधा. न बांधलेल्या सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशी मातीचं घर करते आणि ते सुकल्यावर दगडासारखं होतं. सायलेन्सरच्या बुडाशी असलेलं बारीक भोक मात्र बुजवू नका, आतलं पाणी तिथूनच गळतं. हँडलला एक लाल चिंधी बांधून ठेवा, सायलेन्सरात बोळा आहे याची आठवण म्हणून.

उंदीर पावसात शेतातून घरात येतात आणि सीटखालचं एअर फिल्टरचं खोकं त्यांना आयतं बिऱ्हाड वाटतं. फिल्टरच्या श्वासाच्या तोंडावर बारीक जाळी बसवा. टूलबॉक्समध्ये राजगिऱ्याच्या लाडवाचा कागद, शेंगदाण्याची टरफलं असलं काही ठेवू नका. डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधून गाडीखाली ठेवता येतात, सीट आणि प्लास्टिकला चिकटून नकोत. सीट फाटकी असेल तर आधी शिवून घ्या, आतला स्पंज भिजला की दिवाळीपर्यंत वाळत नाही.

झाकायला जुनी सुती चादर. निळी ताडपत्री थेट गाडीवर टाकली की आतून घाम धरते आणि टाकीवर बुरशीचे ठिपके उठतात. अंगणात ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल तर चार बांबूंवर ताडपत्रीचा उतरता मांडव करा, गाडीपासून सगळीकडे हातभर अंतर सोडून.

कागदपत्रं: विमा पावसातच संपणार असेल तर जायच्या आधी भरा. संपून ९० दिवस उलटले की नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो.

पुराचं पाणी शिरलंच तर

किक नको, सेल्फ नको, चावीसुद्धा नको. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडवा, प्लग काढा, मग चावी बंद ठेवून किकने पाणी बाहेर काढा. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर काढून टाका, स्वस्त ऑइल भरून थोडं फिरवा, पुन्हा काढा आणि मगच चांगलं भरा. टाकी, कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टर रिकामे करून वाळवा. हे पहिल्या दोन-तीन दिवसांत झालं तर इंजिन वाचतं. विम्याचा दावा करायचा असेल तर पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा आणि गाडी हलवण्याआधी कंपनीला कळवा.

गणपतीला बाहेर काढताना

गावी पोचल्याच्या संध्याकाळी, मखराचं सामान आणायच्या घाईत गाडी चालू करू नका. सकाळी निवांत करा. पहिलं काम सायलेन्सरमधला बोळा काढणं. एअर फिल्टर उघडून कुणी राहायला आलंय का बघा. बॅटरी लावा. हवा भरा. टाकीचं झाकण उघडून वास घ्या: टर्पेंटाइनसारखा आंबूस उग्र वास आला तर ते पेट्रोल काढून नवं भरा, इंजिनाला ते पाजू नका. ऑइलची पातळी बघा आणि ते दुधाळ नाही ना तेही.

मग दुसरा गिअर टाकून, क्लच पूर्ण दाबून गाडी पुढेमागे ढकला. क्लचच्या प्लेटी एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्या इथेच सुटल्या तर पहिला गिअर टाकताच गाडी झेप घेत नाही. चावी बंद ठेवून दहा किक, म्हणजे ऑइल वर चढतं. आता कॉक चालू करून मिनिटभर थांबा, बाऊल भरू द्या, आणि चोक ओढून चालू करा. सिलिंडरमध्ये सोडलेल्या चमचाभर ऑइलमुळे सुरुवातीला निळसर धूर येईल. पाच-सात मिनिटांत तो थांबतो. त्या वेळी गाडी पडवीच्या बाहेर असावी, नाहीतर आतल्या गणपतीलाही धुरी होते.

ड्रमचे ब्रेक पहिल्या दोन-चार वेळा एकदम पकडतात, म्हणून ओल्या रस्त्यावर सुरुवात सावकाश. पहिले पाच किलोमीटर ब्रेक आणि क्लच अजमावण्यात घालवा, मग उतरून शॉकअपची दांडी, ड्रेन बोल्ट आणि पेट्रोलची नळी गळत नाही ना ते वाकून बघा.

विसर्जनानंतर गाडी पुन्हा दिवाळीपर्यंत उभी राहणार असेल तर ऑइल बदलायची किंवा प्लग काढायची गरज नाही. फ्लोट बाऊल रिकामा, बॅटरी सुटी, टायरमध्ये हवा आणि सायलेन्सरात बोळा एवढं पुरे. हस्ताचा पाऊस मात्र वाऱ्याबरोबर तिरका येतो, तेव्हा गाडी पडवीत आणखी दोन फूट आत सरकवा.